चौथा कोपरा

हर्षाली नाशिकरोडच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांची डिझाइनं करायची. आज ती स्वतःच्याच लग्नाची पत्रिका छापून घेत होती. चारही कोपऱ्यांना तिने हळदीचा ठसा दिला होता. पिवळ्याशिवाय शुभकार्य कसलं?

पहिली पत्रिका बाहेर आली. तीन कोपरे पिवळेधमक, चौथा कोरा.

"नवनाथदादा, शाई संपली का हो?"

"छे! आत्ताच तर भरली, ताई," मशीनवरचा नवनाथ म्हणाला.

तिने रंग आणखी गडद केला. स्क्रीनवर चारही कोपरे पिवळे होते. कागदावर पुन्हा तीनच. तिने आणखी पत्रिका काढून पाहिल्या; प्रत्येकीचा चौथा कोपरा कोराच.

शेवटी तिने छापखान्यातल्या देवापुढची हळद ओली करून एका पत्रिकेच्या चौथ्या कोपऱ्याला अंगठ्याने चोळली. अंगठा पिवळा झाला. कोपरा पांढराच राहिला.

लहानपणी घरी आलेलं, कुणाच्या तरी निधनाची खूण म्हणून कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड तिला आठवलं. ते वाचायच्या आधीच आईने हंबरडा फोडला होता.

हर्षालीने डोळे घट्ट मिटून घेतले.

"ताई!" नवनाथ ओरडला. "अहो, कोपरे कशाला फाडताय?"

तिने खाली पाहिलं. मांडीवर पांढऱ्या तुकड्यांचा ढीग पडला होता, आणि तिची पिवळी बोटं पुढची पत्रिका उचलत होती.