चौथी काच

“हात घालू नका, कापेल,” काचवाला म्हणाला. पण गिऱ्हाइकानं तोवर सीटवरचे काचेचे दाणे मुठीत गोळाही केले होते.

साठीला टेकलेला माणूस. शर्टाला इस्त्री नीट होती, फक्त एक बटण भलत्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं. ड्रायव्हरशेजारच्या दाराची काच फुटली होती. सकाळी पाहिलं तर अशी, एवढंच त्यानं सांगितलं.

“काही गेलं?”

“नाही.”

काचवाल्याला नवल वाटलं. चोर काच फोडतो ते काहीतरी उचलायला. इथे रेडिओ जागेवर, छत्री जागेवर, रंगावर ओरखडासुद्धा नाही. चौकटीत अडकलेल्या तुकड्यांवरून दिसत होतं की मार अगदी खालच्या कोपऱ्यात बसलाय, जिथे काच एका ठोक्यात जाते. ही जागा या धंद्यातल्या माणसालाच ठाऊक. पण पोरांनी भिरकावलेला दगडही कधी नेमका बसतो.

गाडी जुन्या बनावटीची होती. नवी काच मागवायची तर आठ दिवस लागतील, काचवाल्यानं सांगितलं. गिऱ्हाईक म्हणालं, जुनी चालेल, मोडीत निघालेल्या गाडीची. पण याच बनावटीच्या गाडीची हवी आणि आजच हवी.

“एवढी काय घाई?”

“बायकोला घरी आणायचंय.”

बरेच दिवस झाले का, काचवाल्यानं विचारलं. तीन वर्षं, तो म्हणाला आणि रस्त्याकडे बघत राहिला. काचवाल्याच्या मनात आधी दवाखाना आला, मग माहेर आलं. तीन वर्षांचा रुसवा म्हणजे साधा रुसवा नव्हे. अशा बाईसमोर फुटक्या काचेची गाडी नेली तर ती दारातूनच मागे फिरायची. त्यानं पुढे विचारलं नाही. काम हातात घेतलं.

दाराचं आतलं पॅड काढता काढता त्याची नजर बाकीच्या काचांकडे गेली. काचेच्या कोपऱ्यात गाडीचा नंबर बारीक कोरलेला असतो, गाडी चोरीला गेली तर ओळख पटावी म्हणून. इथे तीन दारांच्या काचांवर तीन वेगळेच नंबर होते. एकही या गाडीचा नाही.

“ही गाडी आहे का धर्मशाळा?” तो म्हणाला. “प्रत्येक काच परक्या घरची.”

गिऱ्हाईक हसलं नाही. “नशीबच फुटकं,” ते म्हणालं.

काचवाल्यानं दाजींना फोन लावला. दाजी म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा. वस्तीबाहेर त्यांचं भंगार गाड्यांचं आवार होतं. काच होती, एकच. पण गिऱ्हाईक ओळखीचं आहे का, हे दाजींनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, पाठवतो कशाला, मीच आणून टाकतो. आणि फोन ठेवता ठेवता नेहमीचं वाक्य: “नंबर घासून लाव.”

काचवाला नेहमीच घासायचा. दुसऱ्याचा नंबर आपल्या काचेवर लोकांना आवडत नाही, असं दाजींचं म्हणणं. बहिणीचा संसार त्या आवारावर चालत होता. काचवाल्यानं याहून जास्त कधी विचारलं नव्हतं.

दाजींचा टेम्पो आला. पोत्यात गुंडाळलेली काच त्यांनी खिडकीतूनच दिली आणि न उतरता निघून गेले.

तोवर काचवाल्यानं दाराच्या पोकळीतले दाणे काढून रुळांना तेल दिलं होतं. गिऱ्हाईक शेजारी उभं राहून स्क्रू ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं हातात देत होतं.

“तुम्हाला सवय दिसते.”

“बघून बघून.”

घासायचं यंत्र मागच्या खोलीत होतं. घासा, धुवा, पुसा, यात अर्धा तास गेला असता. दुपारचे तीन वाजले होते. काचवाला काच घेऊन आत निघाला, तेवढ्यात तो माणूस पहिल्यांदाच आपणहून बोलला.

“ती नेहमी काच खाली करून गाडी चालवायची. थंडीतसुद्धा. किती सांगितलं, ऐकायचीच नाही.”

काचवाला थांबला. त्याची स्वतःची बायकोही अशीच होती, खिडक्या सताड उघड्या टाकणारी. एवढ्याशा नंबरानं काय आभाळ कोसळणार आहे, त्याला वाटलं. तो मागे फिरला आणि काच तशीच बसवली.

रबर दाबलं, पॅड लावलं. काच दोनदा वर-खाली केली. आवाज नाही, अडकणं नाही.

“जा आता. बाईसाहेब वाट बघत असतील.”

गिऱ्हाईक वाकलं. अंगठ्यानं काचेचा कोपरा पुसला. चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला आणि पुन्हा वाकलं. इतका वेळ की काचवाल्याला वाटलं, तडा तर नाही ना गेला.

मग त्यानं खिशातून किल्ल्या काढल्या. एकाच कंपनीच्या दोन होत्या. सकाळीच काचवाल्याच्या ते लक्षात आलं होतं. जादाची किल्ली बरोबर घेऊन हिंडणारा माणूस म्हणजे जपून वागणारा, असं त्यानं मनाशी म्हटलं होतं.

त्यातली एक सोडवून त्यानं काचवाल्याच्या तळहातावर ठेवली. तिला पितळी बिल्ला होता. बिल्ल्यावर नंबर होता. काचवाल्यानं बिल्ला पाहिला, मग काचेचा कोपरा पाहिला. तोच नंबर.

“ही तिच्या गाडीची,” तो माणूस म्हणाला. “तीन वर्षांपूर्वी एका सकाळी गाडी घेऊन निघाली. गाडीही सापडली नाही, तीही नाही. मग मी तसलीच गाडी घेतली.”

त्यानं दुसऱ्या खिशातून बोटाएवढा टोकदार लोखंडी ठोकणा काढला आणि किल्लीशेजारी ठेवला.

“चारही दारांच्या काचा मीच फोडल्या. एकेक दोन-दोनदा. दर वेळी नवं दुकान, दर वेळी जुनी काच.”

काचवाल्यानं रस्त्याकडे पाहिलं. टेम्पो केव्हाच गेला होता.

“बायकोला घरी आणायचंय, म्हणालो ना,” तो माणूस हळू म्हणाला. “आता सांगा, कुठून आणू?”