अबोल्यातली हाक

मागच्या जागतिक स्पर्धेत रिलेचं बॅटन पडलं, तेव्हापासून क्युबाच्या ओडालिस आणि दायमारा या दोघी धावपटूंत अबोला होता. ओडालिसचं म्हणणं, दायमाराने नीट दिलं नाही. दायमाराचं म्हणणं, हिने धरलंच नाही. सरावात दायमाराने द्यायची ‘घे!’ ही हाक बिचारे कोचच मारत.

आज अंतिम फेरी. ओडालिसची ही शेवटची आंतरराष्ट्रीय शर्यत, आणि कोच पार वरच्या गॅलरीत.

दायमारा वळणावरून सुसाट आली. ती खुणेच्या पट्टीवर पोचताच ओडालिस पळत सुटली. मागे बघायचं नाही. हाक आली की हात मागे करायचा. स्टेडियम दणाणत होतं. हाक येईना. मान वळवावी?

“घे गं बये, घे!”

हात मागे गेला, बॅटन तळव्यात चपखल बसलं, आणि ओडालिस जी उधळली ती सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडूनच थांबली. सुवर्णपदक!

दायमारा धापा टाकत तिच्या गळ्यात पडली.

“केवढ्यांदा ओरडलीस!” ओडालिस म्हणाली.

“मागच्या वेळीही एवढ्याच जोराने ओरडले होते.”

“मुळीच नाही!”

अबोला पुन्हा सुरू झाला. मिठी मात्र कुणी सोडेना.