एकालाही त्रास नाही

रक्तदाबाच्या नव्या गोळीच्या अभ्यासाला माणसं कमी पडली, तेव्हा डॉक्टरने घरच्यांनाच गळ घातली. नातं मात्र कुठेच लिहिलं नाही. 'एकालाही त्रास झाला नाही' असा त्याचा पेपर मोठ्या जर्नलमध्ये छापून आला, म्हणून आज सगळा गोतावळा जेवायला जमला होता.

"तुमचा पेपर वाचून आमच्या वॉर्डात गोळी सुरू केली," हा एका हॉस्पिटलचा मेसेज त्याने मोठ्यांदा वाचून दाखवला.

त्याची पाठ थोपटायला उठलेले बाबा भिंत धरून पुन्हा खाली बसले.

"काय झालं बाबा?"

"काही नाही रे. ती गोळी सुरू झाल्यापासून येते अधूनमधून चक्कर."

"अहो, मी दर वेळी विचारत होतो ना? मग बोलला का नाहीत?"

"पोराच्या कामात आपणच कशाला खोडा घालायचा, म्हणून गप्प बसलो."

डॉक्टरने हातातला मोबाइल पालथा ठेवला.

समोर मावशीचा घास हातातच राहिला होता.



"म्हणजे भाऊजी, तुम्हालासुद्धा?"