वेदिकाचं पथ्य

गुळाचा डबा उघडा होता आणि चंद्रभागाबाईंच्या हातात चमचा होता. शेजारी मिक्सरच्या भांड्यात वेदिकाची स्मूदी तयार होती.

"आत्याबाई, हे काय चाललंय?"

सासूबाईंनी डब्याला झाकण लावलं. "काय नाय. माझ्या चहाला घेत होते."

गॅसवर चहाचं आधणसुद्धा चढलेलं नव्हतं.

वेदिका नुकतीच इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पाच फेऱ्या मारून आली होती. टेबलावर कालचा रिपोर्ट पडला होता. सहा महिन्यांपूर्वी फास्टिंग इन्सुलिन बावीस होतं, आता चोवीस. तिचं वय चौतीस, लग्नाला सात वर्षं झालेली. "आधी हा आकडा खाली आणू, मग बाळाचा विचार करू," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या दिवसापासून तिने साखर, भात, बटाटा, सगळं सोडलं. द्राक्षांच्या हंगामात नाशकात राहून एक मणी तोंडात टाकला नाही.

सूट होती ती फक्त सकाळच्या स्मूदीची. तीही आहारतज्ज्ञ बाईंनी मोजून दिलेली. अर्धा पेरू, पपईच्या दोन फोडी, मूठभर पालक, जवसाची पूड आणि वाटीभर घट्ट दही. केळं नाही, आंबा नाही, मध तर नाहीच. पहिल्या आठवड्यात तिला तो प्याला घशाखाली उतरेना. दोनदा तो बेसिनमध्ये ओतून ती उपाशीच बँकेत कामाला गेली. मग हळूहळू सवय झाली. पुढे तर आवडायलाही लागला.

घरात सगळ्यांचा हातभार होता. नवरा मनोज बाजारातून पेरू निवडून आणायचा. वेदिकाची आई साधनाताई दोन गल्ल्या सोडून राहायच्या. विकतच्या दह्यात काय काय घालतात कुणास ठाऊक, म्हणून त्या रोज सकाळी घरच्या दह्याची वाटी घेऊन यायच्या. मिक्सर फिरवायच्या चंद्रभागाबाई.

"चोवीस!" वेदिकाने रिपोर्ट त्यांच्यासमोर धरला. "मी सहा महिने जीव मारून राहतेय आणि तुम्ही माझ्या प्याल्यात गूळ घालताय?"

"वेदू, जाऊ दे ना," साधनाताई म्हणाल्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"का जाऊ दे, आई? यांना नातवंड नकोय का?"

चंद्रभागाबाईंनी एकदा विहीणबाईंकडे पाहिलं. मग पदराला हात पुसले.

"चुकलं माझं, पोरी," त्या म्हणाल्या.

रात्री मनोज म्हणाला, "अगं, आई जन्मभर कोऱ्या चहात गूळच घालत आलीये."

"मग चुकलं असं का म्हणाल्या?"



आठ दिवसांनी चंद्रभागाबाईंनीच पिशवी भरली. भाताची लावणी आलीय, थोरल्याला मदत होईल, म्हणाल्या. मनोज त्यांना घोटीला गावच्या घरी, थोरल्या भिमाजीभाऊंकडे सोडून आला. वेदिका खाली गाडीपर्यंतही गेली नाही. साधनाताई गेल्या.

आता मिक्सर वेदिका स्वतः फिरवू लागली. गुळाचा डबा तिने कामवाल्या बाईंना देऊन टाकला. घोटीहून दर आठवड्याला फोन यायचा. चंद्रभागाबाई मनोजशी बोलायच्या, पाऊसपाणी सांगायच्या, आणि शेवटी एकच विचारायच्या, "तिचं ते घुसळलेलं अजून गोड लागतंय का रं?"

वेदिकाला हे ऐकू यायचं. टोमणा आहे, असं तिला वाटायचं. मनोजने पुढे केलेला फोन ती घ्यायची नाही.

ऑक्टोबरात पुन्हा तपासणी झाली. सत्तावीस.

"एवढं पथ्य आणि आकडा वर?" डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहून आणा. मगच औषधाचं ठरवू."

रविवारी सकाळी वेदिका वही घेऊन टेबलाशी बसली. मनोज बाहेर गेला होता. साधनाताई समोर होत्या.

"पेरू अर्धा. पपई दोन फोडी," वेदिका लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होती. "दही एक वाटी, बिनसाखरेचं."

"ते खोड," साधनाताई म्हणाल्या.

"काय?"

"बिनसाखरेचं. तेवढं खोडून टाक."

वेदिकाने मान वर केली. आई तिच्याकडे पाहत नव्हती.

"तू उपाशी जायचीस गं, माझ्या डोळ्यांदेखत. म्हटलं, दोन चमचे पिठीसाखर, तेवढ्यानं काय होतंय. त्या दिवशी तू अख्खा प्याला प्यायलीस. मग हात थांबेना."

"रिपोर्ट आल्यावरही?"

"एकदा फिकं आणलं होतं. तू म्हणालीस, आज दही आंबट आहे. अर्धा प्याला तसाच ठेवलास. मला भीती वाटली, एकदम चव बदलली तर तुला कळेल."

वेदिकाने पेन खाली ठेवलं.

"मी आत्याबाईंना बोलत होते तेव्हा तू इथेच उभी होतीस, आई."

"होते."

"त्यांना माहीत होतं?"

"आदल्या आठवड्यातच त्यांनी दही चाखलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, विहीणबाई, आता बंद करा. मी हो म्हटलं."

"मग त्यांनी चूक स्वतःवर का घेतली?"

"मीही तेच विचारलं, त्या गाडीत बसत होत्या तेव्हा. म्हणाल्या, 'तुमच्यावर रुसली तर पोरीचं माहेर तुटंल. माझ्यावर रुसली तर काय, मला घोटीला घर हाय.'"