एकेकट्याला विचारलं

माझा थोरला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. म्हणतो, "आई, सगळ्यांचं सांगणं एकमेकांशी जुळलं, की ते खरं मानतात." मानोत बापडे. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण तीन पोरं वाढवलीत. बरणी फुटली, की एकेकट्याला विचारायचे. तिघं तीन तऱ्हेचं बोलली, तर खरं बोलतायत. शब्दाला शब्द जुळला, की आधी ठरवून आलीत.

काल माझ्या पोटातल्या गाठीचा रिपोर्ट आला. थोरला म्हणाला, "गाठ साधी आहे, काळजीचं काही नाही." दमले होते, पण सवय जात नाही. धाकट्याला स्वयंपाकघरात अडवला. "गाठ साधी आहे, काळजीचं काही नाही." लेकीला फोन लावला. तेच, तेवढंच.

"पाठांतर छान झालंय हो तुमचं," म्हटलं आणि फोन ठेवला.

राहिले हे. ह्यांना जन्मात काही पाठ झालं नाही. मी पाण्याची बादली घेऊन निघाले होते, तशीच दारात थांबले. विचारलं, "तुम्हाला काय बोलायला सांगितलंय?"

हे उठले आणि माझ्या हातातली बादली घेतली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"सांडू नका," एवढंच म्हटलं.