बागुसचा आवाज

पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं ते तुमिराच्याच हातून. पाणी बदललं, कडी लावायची राहिली, आणि नवऱ्याचा अकरा वर्षांचा लाडका होला, बागुस, आंब्यावरून जो गेला तो गेलाच.

दार्सोनो क्लातेनला बहिणीकडे गेला होता, दुसऱ्या दिवशी परतणार होता. तुमिरानं तडक पाखरांचा बाजार गाठला आणि तसाच राखी, मानेवर तशाच बारीक पट्ट्यांचा होला आणला.

"दिसायला सगळे सारखेच हो मावशी," विकणारा म्हणाला. "पण गळा ज्याचा त्याचा. हा जरा घोगरा आहे. आणि जागा बदलली की आठ-दहा दिवस बोलणार नाही. मग होईल सुरू."

आठ-दहा दिवस! म्हणजे फाशी नुसती पुढे ढकललेली.

कारण दार्सोनोचा कान. तीस वर्षं तो होल्यांच्या स्पर्धांचा परीक्षक होता. मैदानात चाळीस खांबांवर चाळीस पिंजरे चढवलेले, आणि हा खाली डोळे मिटून सांगणार, सातव्याचा शेवटचा सूर आखूड पडला! यंदा मात्र त्यानं ते काम सोडलं. "पुरे झालं," एवढंच म्हणाला. तेव्हापासून माणूस कोमेजला होता. काही विचारलं तर उत्तर नाही. शेजारच्या गितोनं कुंपणावरून हाक मारली तरी मान वर नाही. जीव उरला होता तो त्या पाखरात. त्यात हृदय नाजूक. धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"गप्प का हा?" परतल्यावर होल्याच्या गळ्याकडे बघत त्यानं पहिलं हेच विचारलं.

"पिसं झडतायत त्याची," तुमिरा चुलीकडे तोंड करून म्हणाली.

"काय?"

ती वळली. "पिसं झडतायत, पाक!" नवऱ्याला ती पाक म्हणायची, तो तिला बू.

"हं."

मग रोज सकाळी तो पिंजऱ्यासमोर बसायचा, बोटानं राळा भरवायचा, वाट बघायचा. सांगून टाकावं असं तुमिराला शंभरदा वाटलं, पण तोंड उघडायचं धाडस होईना. देवा, याला मुकाच ठेव, असं ती त्या बिचाऱ्या पाखरासाठी मागत होती.

नवव्या दिवशी ती चहा घेऊन ओसरीत आली. दार्सोनो पिंजऱ्याकडे पाठ करून राळा पाखडत होता.

आणि होला बोलला.

फाटका, घोगरा आवाज. कुर्र-कुक, कुर्र-कुक. रस्त्यानं चाललेला गितोसुद्धा सायकल थांबवून बघायला लागला. पाखरू पुन्हा ओरडलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.



"पाक," तुमिराला रडू फुटलं, "चुकले हो मी! बागुस उडाला. हा तो नव्हे. हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण जिवाला लावून घेऊ नका."

दार्सोनो पाखडतच राहिला. होला तिसऱ्यांदा घुमला.

तिची सावली सुपावर पडली, तेव्हा कुठे त्यानं मान वर केली. चहाचा पेला घेतला, उसासा टाकला.

"नऊ दिवस झाले, बू," तो म्हणाला. "अजून गप्पच आहे बघ."