वेदीपुढचा प्रसंग

"आता तो वेदीपाशी पोचलाय," बायको नवऱ्याच्या कानाशी कुजबुजली. "हातात बंदूक आहे."

"माहीत आहे गं. तू सांगत राहा."

चर्चच्या हॉलचे पडदे भर दुपारी ओढून घेतले होते. पहिल्या रांगेत तिघं बसली होती. मधे थोरला, दृष्टी गेलेला. एका बाजूला त्याची बायको, दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ. धाकट्यानं कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू पडद्यावरचा माणूसही त्याला बघणार होता.

'मला बदलणारा ख्रिस्ती चित्रपट' हा उपक्रम चर्चच्या चित्रपट समितीचा. नियम एकच: ज्याचा चित्रपट, त्यानं आपण कसे बदललो ते आधी उभं राहून सांगायचं. आतापर्यंतचे बदल सगळ्यांना झेपण्यासारखे होते. खजिनदारांनी एका संताचं चरित्र पाहून चहातली साखर सोडली होती. साखर परत आली, पण चित्रपट उत्तम होता. गायकवृंदातल्या एका बाईंनी शेजारणीशी बोलणं सुरू केलं होतं आणि आता शेजारीण त्याबद्दल तक्रार करत होती.

आज मात्र हॉल चिडीचूप होता. थोरल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. दोघा भावांचं बॅटऱ्या दुरुस्तीचं दुकान. ॲसिड पाण्यात ओतायचं असतं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, हे धाकट्याला झोपेतसुद्धा पाठ होतं. एका दुपारी तो पिऊन आला आणि त्यानं नेमकं उलटं केलं. ॲसिड उसळलं, आणि थोरला शेजारीच वाकून काम करत होता. पुढं कित्येक वर्षं थोरल्याच्या तोंडी एकच वाक्य होतं, "माझ्या हाती लागू दे फक्त."

मग एकदा बायकोनं हा चित्रपट लावला. भाषा परकी. खाली येणाऱ्या ओळी आणि वरची चित्रं, दोन्ही ती त्याला सांगत गेली. एका गवंड्याच्या मुलाचा कुणीतरी जीव घेतं. गवंडी गावोगाव त्याचा माग काढतो. सापडतो तेव्हा तो माणूस एका चर्चमध्ये वेदीला बिलगून बसलेला असतो. गवंडी बंदूक रोखतो, क्रुसाकडे बघतो आणि बंदूक खाली ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्यानं धाकट्याला बोलावून घेतलं. तेव्हापासून धाकटा थेंबालाही शिवला नव्हता. दुकान त्यानं सांभाळलं होतं, आणि रोज दादाचा हात धरून त्याला फिरवून आणत होता. "त्या गवंड्यामुळे मी माणसात आलो," असं तो भेटेल त्याला सांगे. चित्रपट त्यानं कधी पाहिला नव्हता.

पाहिला होता तो फक्त बायकोनं. आणि गवंडी बंदूक खाली ठेवत नाही, हे तिला माहीत होतं.

त्या दिवशी ऐन वेळी तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं आणि तिच्या तोंडून भलतंच निघून गेलं होतं. नंतर ते दुरुस्त करायची सोयच राहिली नाही, कारण नवऱ्याला तोच चित्रपट पुन्हा पुन्हा हवा असे. समितीनं तो मागितला तेव्हा तिनं डिस्कला चरे पडल्याचं सांगून पाहिलं. पण समितीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चिकाटीनं नवी प्रत मिळवली. ती स्वतः आधी बघावी असं त्यांना वाटलं नाही. माणसाला एवढा बदलणारा चित्रपट तपासून घ्यायचा, म्हणजे अविश्वासच झाला.

पडद्यावर गवंड्यानं नेम धरला. वेदीला बिलगलेला माणूस मान वर करून बघत होता. मागे कुणीतरी हलकेच 'आमेन' म्हणून टाकलं, जरा लवकरच. धाकटा खुर्चीच्या टोकाशी सरकला.

"आता?" थोरल्यानं विचारलं.

"क्रुसाकडे बघतोय." ती त्याच्या कानाशी आणखी वाकली. "अजून बघतोय. हात थरथरतोय त्याचा. आता... खाली ठेवतोय. ठेवली हो. ठेवली."

हॉल दणाणला.

"वाऱ्यानं दार आपटलं," ती सवयीनं म्हणाली.

तो माणूस वेदीच्या पायरीवर कोसळला. गवंडी पाठ फिरवून चालू लागला आणि पडद्यावर नावं सरकू लागली. अध्यक्षांनी दिवे लावले. क्षमेबद्दल आभार मानणारी प्रार्थना त्यांच्या हातात तयार होती. तिची घडी करून त्यांनी ती खिशात घातली.

धाकटा उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"दादा, त्यानं मारलं रे त्याला. वहिनी तुला खोटं सांगत आली. ज्याच्यामुळे तू मला..." तो दाराकडे वळला.

"थांब." थोरल्यानं चाचपडत त्याचं मनगट पकडलं. बायको ओंजळीत तोंड लपवून रडत होती. दुसरा हात त्यानं तिच्या पाठीवर ठेवला.

"डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. गोळी मी पहिल्याच दिवशी ऐकली होती. पण त्याच्या आधी हिचा आवाज ऐकला होता. स्वतःचा जीव वाचवायचा असावा तशी ही बाई त्या गवंड्याला बंदूक खाली ठेवायला लावत होती. आणि त्यानं काही ठेवली नाही. मग म्हटलं, हिला खोटं पाडायचं नसेल, तर आता ती बंदूक मलाच खाली ठेवावी लागणार."